आईचें दूध आणि सहा आठवडे

आईच्या दुधास पर्याय नाहीं, ही आपली घरोघरची श्रद्धा. एच्. आय्. व्ही.च्या विषाणूनें तीच संशयास्पद केली; गर्भांत, प्रसूतिसमयीं आणि दुधावाटें तो मातेकडून बालकाकडे जातो. १९९४ सालीं अमेरिका व फ्रान्समधील प्रयोगांत झिडोव्ह्युडीन ह्या औषधानें हा संसर्ग सुमारें दोनतृतीयांशांनीं घटला. परंतु त्या माता मुलांस अंगावर पाजीत नव्हत्या. आमच्या गरीब मातेनें दुधाची भुकटी आणि निर्मळ पाणी आणावें कोठून? वरचें दूध म्हणजे हगवणीस आमंत्रणच.

ह्या पेचांत पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजनें हात घातला. युगांडा व इथिओपियासमवेत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. जन्मतांच नेव्हिरापिनची एकच मात्रा देण्याऐवजीं बालकांस तें सहा आठवडे दिलें, तेव्हां सहाव्या आठवड्याअखेर बाधितांचें प्रमाण शेंकडा ५.३ ऐवजीं २.५ भरलें. सहा महिन्यांनीं मात्र हें अंतर बरेंच ओसरलें. स्तनपान चालू आणि औषध बंद, मग दुसरें काय होणार? तेव्हां औषध मातेलाच देत राहणें ओघानें आलें. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म औषधोपचार देण्याचें धोरण भारतानें स्वीकारलें. औषध नियमित घेणाऱ्या नाशिकच्या बाळंतिणीस आतां मुलाचें अंगावरचें दूध तोडावें लागत नाहीं.