शून्य नॉकिंगने नेमके काय सिद्ध होते?

टर्बो गाडी रीमॅप करून घेतली की मालक लॉग मागतो. तिसऱ्या गियरमध्ये २५०० आरपीएमपासून लाल रेषेपर्यंत फुल थ्रॉटल दिलेला असतो, यालाच पुल म्हणतात, आणि त्या काही सेकंदांत ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, नोंदवलेले आकडे समोर येतात. त्यातला एकच रकाना सगळे आधी शोधतात: नॉकिंगमुळे, म्हणजे सिलेंडरमधले मिश्रण अवेळी आपोआप पेटून होणाऱ्या ठोकरीमुळे, स्पार्क किती अंश मागे घ्यावा लागला. सगळीकडे शून्य असेल तर ट्यून सुरक्षित, उणे दोन-तीन दिसले तर ट्यून बिघडलेली. पुण्या-मुंबईच्या गाडीवेड्यांत हे मत आता निकालासारखे सांगितले जाते. ते दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. या निकालावर विसंबून लोक पिस्टन धोक्यात घालतात, म्हणून त्याचे खंडन नीट व्हायला हवे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. चार सिलेंडरच्या इंजिनात ६००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा ज्वलन होते. साध्या ओबीडी डोंगलमधून सेकंदाला मोजक्याच नोंदी मिळतात, तेव्हा नॉकिंग निसटून जाईल, ही पहिली शंका. तिला चांगले उत्तर आहे. नॉकिंग जाणवताच ईसीयू स्पार्क झटक्यात मागे घेतो, पण परत पुढे आणतो तो हळूहळू, थोडा थोडा. म्हणजे घटना मिलिसेकंदाची असली तरी तिची खूण बराच वेळ राहते आणि मंद लॉगमध्येही सापडते. हे मला पूर्ण मान्य आहे.

पण हा सारा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा आहे: नॉकिंग झाले तर ईसीयूला ते ऐकू येतेच. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. पण त्याला अट घातली. वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असे ठरत नाही. लॉगमधल्या शून्याला हीच कसोटी लावली पाहिजे.

नॉक सेन्सर हा इंजिन ब्लॉकवर बोल्टने आवळलेला पिझो मायक्रोफोन. नॉकिंगचा नाद कोणत्या पट्टीत उमटणार हे मुख्यतः सिलेंडरच्या व्यासावर ठरते. अमेरिकन अभियंता चार्ल्स स्टार्क ड्रेपर याने १९३०च्या दशकातच त्याचे गणित मांडले. चाकणला तयार होणाऱ्या टायगुनच्या १.० टीएसआय इंजिनाचा बोअर ७४.५ मिमी, म्हणून तिथे हा नाद सुमारे साडेसात किलोहर्ट्झचा; सुबारूच्या जुन्या अडीच लिटर टर्बोचा बोअर ९९.५ मिमी, तिथे तो साडेपाचच्या आसपास उतरतो. ईसीयू त्या पट्टीतच ऐकतो, तेही ज्वलनानंतर क्रँकच्या काही अंशांपुरते. ऐकलेल्या आवाजाची नेहमीच्या गोंगाटाशी तुलना करतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेली तरच नॉकिंग म्हणतो.

ही मर्यादा कुठे लिहिलेली असते? ज्या फाइलमध्ये ट्यूनर बदल करतो, तिच्यातच. एक्झॉस्टवरचे सैल हीट शील्ड वाजते, फोर्ज्ड पिस्टन इंजिन थंड असताना ठोकतो, टणक माउंट बसवल्याने खडखडाट वाढतो. या खोट्या नॉकिंगवर उपाय म्हणून मर्यादा वर सरकवली जाते. कधी ते रास्तही असते. पण ती सरकवल्यानंतरचे शून्य इंजिनाबद्दल फारच थोडे सांगते. मर्यादेचा तक्ता मूळचाच आहे की बदललेला, हे लॉगमध्ये कुठेच येत नाही. ते ट्यूनरला विचारावे लागते, आणि विचारण्यात संकोच करू नये.

शिवाय हे शून्य कशापासून मोजलेले? एका फाइलने १२ अंश ॲडव्हान्स मागितला आणि ईसीयूने ३ अंश मागे घेतले, तर प्रत्यक्ष स्पार्क ९ अंशांवर पडला. दुसरीने ८ मागितले आणि काहीच मागे घ्यावे लागले नाही. पहिला लॉग लाल दिसतो, दुसरा स्वच्छ, आणि दोघांत फरक एका अंशाचा.

इथेच मताची दुसरी बाजूही ढासळते. आजची थेट इंजेक्शनची टर्बो इंजिने कारखान्यातूनच नॉकिंगच्या काठावर चालवली जातात. मिळेल त्या इंधनावर जमेल तेवढा ॲडव्हान्स घ्यायचा आणि आवाज आला की मागे सरायचे, हेच त्यांचे काम. एप्रिलच्या दुपारी एखाद्या सिलेंडरवर एक-दोन अंश मागे जाणे हा दोष नव्हे. तेच मागे घेणे प्रत्येक वेळी एकाच सिलेंडरवर, एकाच आरपीएमला दिसले, किंवा अंश पुल चालू असताना वाढतच गेले, तर मात्र गाडी थांबवावी.

मग वाचावे काय? रीमॅपच्या आधीचा लॉग हवाच. तोच रस्ता, तोच गियर, तेच इंधन. मागे घेतलेल्या अंशांपेक्षा प्रत्यक्ष स्पार्कचा कोन पाहावा, प्रत्येक सिलेंडरचा वेगळा. बूस्टचा आकडा ॲबसोल्यूट, म्हणजे वातावरणाचा दाब धरून, आहे का ते तपासावे: मुंबईत २ बार गाठताना टर्बो हवा जवळजवळ दुप्पट दाबतो, पुण्याच्या विरळ हवेत तेवढ्याच २ बारसाठी सुमारे २.१ पट. मिश्रणाच्या बाबतीत लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा, वाचावा. बहुतेक गेज लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतात. ई-२० पेट्रोलवर ते गेज १२ दाखवत असेल तेव्हा खरे प्रमाण ११ च्या आसपास असते. आणि टर्बोनंतर बसलेला लॅम्डा सेन्सर साऱ्या सिलेंडरांची सरासरी सांगतो, एका लीन सिलेंडरची तक्रार त्यात बुडून जाते. स्पार्क प्लग काढून बघण्याला म्हणूनच अजून पर्याय नाही.

सर्वांत मोठा धोका तर त्या प्रसिद्ध पुलमध्ये येतच नाही. कमी आरपीएमला जास्त भार पडला की थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकते, आणि स्पार्क मागे घेऊन ते रोखता येत नाही, कारण स्पार्क अजून पडलेलाच नसतो. २०१८ मध्ये आलेला एपीआय एसएन प्लस हा तेलाचा दर्जा याच कारणासाठी तयार झाला. खंडाळ्याच्या घाटात वरच्या गियरमध्ये १८०० आरपीएमला गाडी रेटणे म्हणजे नेमकी हीच स्थिती, आणि २५०० ला सुरू होणारा लॉग तिच्याबद्दल मुका असतो. टायगुनचे ते इंजिन मुळातच १७५० आरपीएमपासून १७८ एनएम देते. रीमॅपने तिथे किती मागितले आहे ते टॉर्कच्या तक्त्यात पाहावे. बरेच जास्त असेल तर २५०० च्या खालचा टॉर्क कमी करून घ्यावा, किमान या दर्जाचे तेल भरावे आणि चढावर एक गियर खाली घ्यावा.