पुण्यानुमोदन : स्मरणाची धम्मपरंपरा आणि आपले कर्तव्य

घरातील माणूस कालकथित झाल्यावर पहिले दोन दिवस दुःखात जातात आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो : आता कार्यक्रम कसा करावयाचा? कोणी दहावा-तेरावा सुचवितो, कोणी जेवणावळीचा आकडा मांडतो, कोणी विचारतो की जलदानाला भन्तेजी येतील की बौद्धाचार्य. नातेवाईक काय म्हणतील या भीतीने अनेक कुटुंबे कर्ज काढतात. पत्रिकेवर ‘पुण्यानुमोदन’ छापलेले असते. आत मात्र जुन्याच तेराव्याचा सांगाडा असतो. म्हणून स्मरणविधीसंबंधी आपला इतिहास काय सांगतो, हे येथे पाहावे असे आम्हांस वाटते.

या परंपरेचा आरंभ कुशीनारा येथे आहे. महापरिनिब्बान सुत्तात भदन्त आनंद तथागतांना विचारतात की, आपल्या देहाचे आम्ही काय करावे? तथागत भिक्षूंना त्या कामात गुंतू नका, स्वतःच्या साधनेत राहा असे सांगतात; देहाचा सत्कार श्रद्धावान गृहस्थ करतील. त्याप्रमाणे मल्लांनी सहा दिवस आदर व्यक्त करून सातव्या दिवशी मुकुटबंधन चैत्याजवळ अग्निसंस्कार केला. नंतर अस्थींवरून राजांमध्ये वाद पेटला, तो द्रोण ब्राह्मणाने आठ भाग करून मिटविला. अस्थिपात्रावर एक आणि चितेच्या रक्षेवर एक असे धरून दहा स्तूप झाले. या संपूर्ण वृत्तान्तात पिंड नाही, कावळा शिवण्याची वाट पाहणे नाही. जे उरले त्यावर सर्वांना जाता येईल असे स्मारक उभे राहिले आणि विधीची जबाबदारी पुरोहिताकडे न जाता उपासकांकडे आली.

हीच परंपरा आपल्या सह्याद्रीत दगडात कोरलेली आहे. भाजे येथे चैत्यगृहाजवळ लहानमोठ्या १४ स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर दिवंगत स्थविरांची नावे आहेत. नाव आणि स्तूप, एवढेच. कोणाचे कुळ, कोणाची जात, याचा तेथे उल्लेख नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी लेणींतील ३ क्रमांकाच्या लेण्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एक मोठा शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे भदावनीय भिक्षुसंघास दान दिले. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी तोवर मरण पावलेला होता. लेखातील बराच भाग त्या पुत्राच्या गुणवर्णनाचा आहे. ती स्वतःचा परिचय सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रत असलेली स्त्री असा देते. नातू लेण्याच्या खर्चासाठी पिसाजिपदक हे गाव देतो आणि त्या दानाचे पुण्य आपल्या पित्यास अर्पण करतो. लेखात या दानासाठी ‘धर्मसेतू’ या अर्थाचा शब्द आहे. पुत्र गमावलेल्या मातेने आपले दुःख भिक्षूंच्या निवाऱ्यात परिवर्तित केले. आजच्या अर्थाने यास पुण्यानुमोदनच म्हणावे लागेल.

परंतु इतिहास वाचताना डोळे झाकू नयेत. याच लेखात, राजाने चार वर्णांचा संकर थांबविला, असेही गौरवाने म्हटले आहे. म्हणजे दान बौद्ध संघास, पण स्तुतीची भाषा वर्णव्यवस्थेची! स्मरणाच्या विधीत जुने संस्कार किती सहजपणे शिरतात, याचा हा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे. आपल्या पत्रिकेवरचे शब्द बदलले तरी आतला सांगाडा तोच राहू शकतो, ही सावधगिरी त्यातून शिकावी.

आता जलदानाकडे वळू. काही बंधू त्यास श्राद्धाचेच दुसरे रूप समजतात, तर काही जण त्याविना मृतास शांती मिळणार नाही असे मानतात. खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्तात दिवंगत आप्तांच्या नावे संघास दान द्यावे असा उपदेश आहे, आणि उंचावरचे पाणी जसे सखल जागी वाहते तशी उपमा आहे. श्रीलंकेत भिक्षू पठण करीत असताना आप्तजन भांड्यातील पाणी दुसऱ्या पात्रात ते भरून वाहीपर्यंत ओततात, तो विधी याच उपमेशी जुळतो. त्याच सुत्तात रडण्याने व शोकाने मृताचा काहीही लाभ होत नाही, असेही स्पष्ट सांगितले आहे. प्रेतलोकाचे वर्णन आज आम्ही अक्षरशः मानू शकत नाही; बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याची कल्पना नाकारलेली आहे. परंतु दान जिवंत माणसांना द्यावयाचे, हे सुत्ताचे मर्म आजही टिकते. पाणी ओतणे हे दानाचे प्रतीक असेल तर ते राहू द्यावे. पाणी मृताच्या घशात पोहोचते असे समजून ओतणार असू, तर ते श्राद्धच होय.

आधुनिक काळात या बदलाची पायवाट महात्मा जोतीराव फुले यांनी पाडली. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना संस्कार करण्याचा आग्रह धरला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. स्त्रीने अंत्यविधीत पुढे होणे हे आपल्या घरांत आजही कित्येकांना जड जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

२७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत रमाईंच्या अंतःकरणाचे मोठेपण आणि हलाखीच्या दिवसांत त्यांनी सोसलेले कष्ट यांची कृतज्ञ नोंद आहे. पत्नीचे स्मारक म्हणून त्यांनी ग्रंथ निवडला, हा आदर्श आम्हांस फार मोलाचा वाटतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा त्याग स्पष्ट शब्दांत आहे. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, ही प्रतिज्ञा देणाऱ्याचेच महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाला आणि तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायास धम्मदीक्षा दिली. मृत्यूच्या प्रसंगी काय करावे, याचे उत्तर त्या दिवशी हजारो माणसांनी आपल्या आचरणाने दिले. रडणारी माणसे प्रतिज्ञा घेऊन घरी परतली.

या इतिहासातून आमचे निष्कर्ष साधे आहेत. कार्यक्रमाचा दिवस दहावा की तेरावा हे पाहू नये. आप्तांना व भन्तेजींना सोयीचा दिवस धरावा. त्रिशरण, पंचशील आणि अनित्यतेच्या गाथा यांना पुरेसा वेळ द्यावा, आणि त्यांचा मराठी अर्थ उपस्थितांना अवश्य सांगावा. त्यानंतर कालकथित व्यक्तीचे चरित्र सांगावे. तिने कोठे मजुरी केली, कोणाला शिकविले, कोणत्या मोर्चात ती चालली, हे मुलीने, सुनेने, शेजाऱ्याने बोलावे. पुढाऱ्यांच्या भाषणांत मृताचे नाव हरवू नये. तिचे दोषही प्रेमाने सांगता येतात. खोटी स्तुती हा मृताचा सन्मान नव्हे.

भोजन साधे असावे आणि कर्ज काढून ते मुळीच करू नये. जो पैसा वाचेल त्याचे एक निश्चित दान ठरवावे : विहाराच्या ग्रंथालयास पुस्तके, एखाद्या विद्यार्थिनीचे शुल्क, वस्तीत पाण्याची सोय. ते सभेत जाहीर करावे आणि पुढील स्मृतिदिनी त्याचा हिशेब द्यावा. हिशेब देण्याची ही सवय लागली, तर वर्षश्राद्धाच्या जागी खरा स्मृतिदिन येईल.

गौतमी बलश्री राणी होती. तिने डोंगर कोरविला. आमच्या मातांकडे डोंगर नाही. परंतु कष्टकरी आईच्या नावाने विहारात एक कपाट पुस्तकांनी भरले आणि वस्तीतील एक मूल तेथे बसून वाचू लागले, तर तोही धर्मसेतूच होय. उपासक-उपासिकांनी आपल्या घरातील पुढील प्रसंगी याचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.