कलम २५ चं ३२ झालं, त्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातलं थोडंफार तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. वर्डमध्ये यादी करताना १, २, ३ हे आकडे आपोआप येतात ना, ते. मधे एक मुद्दा घातला की खालचे सगळे आकडे सरकतात. सोय छानच आहे. पण माझा प्रश्न असा आहे की तो आकडा म्हणजे नुसता क्रम, की त्या मुद्द्याचं नाव?

या प्रश्नासाठी आपण आधी संविधान सभेत जाऊ. ९ डिसेंबर १९४८. डॉ. आंबेडकर सांगतात की, एक कलम वगळलं तर संविधानाला अर्थ उरणार नाही. ते संविधानाचा आत्मा आहे, हृदय आहे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणारं हे कलम. आपण त्याला ३२ म्हणून ओळखतो. पण त्या दिवशी सभागृहात चर्चा चालली होती कलम २५ वर! कारण मसुद्यात त्याचा क्रमांक २५ होता. आणि मसुद्यातलं ३२ शोधायला गेलात तर भलतंच सापडेल. ते होतं कामाच्या हक्काबद्दलचं, म्हणजे आजचं ४१.

झालं काय, तर फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ३१५ कलमं होती. चर्चेत नवी कलमं येत गेली, तेव्हा लगेच सगळ्यांचे क्रमांक बदलले नाहीत. नव्या कलमाला शेजारच्याचा आकडा आणि पुढे एक अक्षर. १५-ए आलं, ३१-ए आलं, ३०६-ए आलं. शेवटच्या उजळणीत सगळं सलग लावलं आणि मग १५-ए चं २२ झालं, ३१-ए चं ४०, ३०६-ए चं ३७०. एकूण ३९५. आता विचार करा, एका कलमात दुसऱ्याचा उल्लेख असेल, तर तो आकडाही शोधून बदलायचा. टाइपरायटरच्या जमान्यात, माणसांच्या डोळ्यांनी.

हेच काम पुढे यंत्राकडे गेलं. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम साल्ट्झर यांनी रनऑफ नावाचा प्रोग्राम लिहिला. मजकुरात टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा द्यायच्या, पानांचे क्रमांक यंत्र घालणार. बेल लॅब्जमध्ये १९७१ साली युनिक्सच्या पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकांत होत्या पेटंट विभागाच्या टायपिस्ट. अख्खा दिवस पेटंटचे अर्ज टाइप करायच्या. म्हणजे युनिक्सलासुद्धा सुरुवातीला कायद्याच्या कागदांनीच जगवलं म्हणा ना!

पण खरी उडी पुढची. ब्रायन रीड यांचं स्क्राइब आणि नंतर लेस्ली लॅम्पोर्ट यांचं लाटेक. यांनी ओळखलं की आकडा आणि नाव वेगळं ठेवायला हवं. परिच्छेदाला आपण एक नाव द्यायचं, समजा 'भाडे'. दुसरीकडे 'भाडे बघा' असं लिहायचं. छापताना तिथे ५ येईल की ७, ते यंत्र ठरवेल.

वर्डची फाइल उघडून बघितलीत तर तेच दिसेल. डॉक्स फाइल ही खरं तर एक झिप असते. आत यादीच्या मजकुरात ३ हा आकडा लिहिलेलाच नसतो. परिच्छेदाजवळ एवढंच असतं की, हा अमुक यादीतला, तमुक पातळीवरचा. यादीची रीत 'नंबरिंग' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. आकडा दर वेळी नव्याने मोजला जातो. म्हणूनच दुसरीकडून मजकूर चिकटवला की यादी मधेच १ पासून सुरू होते. वर्डच्या दृष्टीने ती वेगळी यादी असते, बस्स.

याचा फटका कसा बसतो? एका प्रोजेक्टमध्ये गिऱ्हाइकाच्या मागण्यांची यादी आपोआप क्रमांकांची होती आणि टेस्टिंगच्या शीटमध्ये '४.३ तपासलं' असं हाताने लिहिलेलं. मधे कुणीतरी नवी मागणी घातली. त्या क्षणापासून शीटमधल्या नोंदी शेजारच्या मागणीकडे बोट दाखवायला लागल्या. कुठे लाल रेघ नाही, एरर नाही. दोन आठवडे कुणाला पत्ताच नव्हता. हेच भाडेकरारात झालं तर? 'कलम ७ मोडल्यास अनामत जप्त', आणि ७ म्हणजे कोणतं ७?

संविधान लागू झाल्यावर मात्र नियम उलटा झाला. शिक्षणाचा हक्क २००२ च्या दुरुस्तीने आला, तेव्हा २२ चं २३ केलं नाही, २१-क केलं. बालभारतीच्या पुस्तकात मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, ती ५१-क. मालमत्तेचं कलम ३१ १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने गेलं, तर जागा रिकामी ठेवली. आज कलमं ३९५ पेक्षा जास्त आहेत, पण शेवटचा आकडा ३९५ च. कारण निकालपत्रांत, अर्जांत, वकिलांच्या तोंडी ते आकडे बसलेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांऐवजी न्याय संहितेची ३५८ आली. ४२० चं झालं ३१८, पोटकलम ४. पण कुणी फसवलं तर तुम्ही 'तीनशे अठरा माणूस आहे' म्हणाल का?

तर माझ्या मते रीत सोपी आहे. मसुदा चालू आहे तोवर मोजणी यंत्राकडे द्या. 'कलम ७ पाहा' हातानं टाइप करू नका, क्रॉस-रेफरन्स घाला. पाठवण्याआधी कंट्रोल-ए, मग एफ-नाइन. उल्लेख केलेलं कलमच उडालं असेल, तर वर्ड तिथे एरर दाखवतं, आणि ते गुपचूप चुकीचा आकडा राहण्यापेक्षा केव्हाही बरं. सह्या झाल्या, की आकडे गोठवा. मॅक्रोमध्ये 'कन्व्हर्ट नंबर्स टू टेक्स्ट' ही आज्ञा आहे, ती मूळ फाइलवर नको, प्रतीवर चालवा. त्यानंतर नवं कलम आलंच, तर ७-क करा. दिसायला ओबडधोबड, पण जुना प्रत्येक कागद खरा राहतो.

२५ चं ३२ करणं १९४९ मध्ये योग्यच होतं. ३२ चं ३३ करणं १९५० नंतर योग्य नव्हतं. मधे बदललं एवढंच, की लोक त्या आकड्यावर विसंबायला लागले होते.

तुमच्याकडे सरकलेल्या आकड्यांचे किस्से असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!