जुळ्यांचं दूध आणि जुळ्यांची झोप : थोडा इतिहास

जुळी बाळं घरी आली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला बाळंतिणीची आई विचारते, "डॉक्टर, एकटीचं दूध दोघांना पुरेल का?" दुसरा बाळांचे वडील विचारतात, तोही बहुधा रात्री दोन वाजता फोनवर, "एक झोपलं की दुसरं उठतं. दोघांना शांत करायला काही औषध आहे का?" मी बालरोगतज्ज्ञ नाही. पण घरचा डॉक्टर म्हटल्यावर हे प्रश्न चुकत नाहीत. दोन्ही प्रश्न फार जुने आहेत आणि त्यांची चुकीची उत्तरंही तितकीच जुनी आहेत.

दूध पुरणार नाही या भीतीवर श्रीमंत घरांतला पूर्वीचा उपाय म्हणजे दूध पाजणारी दाई. चरकसंहितेत धात्री कशी निवडावी याचं सविस्तर वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत आईला दूध उतरेपर्यंत पहिले काही दिवस बाळाला मध-तूप द्यायला सांगितलं आहे. आज आपण नेमकं उलट सांगतो: पहिल्या दिवसांचा घट्ट, पिवळसर चीक वाया घालवू नका आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. एकोणिसाव्या शतकात दाईची जागा डब्याने घेतली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८६० च्या दशकात 'आईच्या दुधाला पर्याय' म्हणून बालान्न तयार केलं, आणि १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आँरी नेस्ले यांचं दूध-पिठाचं मिश्रण बाजारात आलं. दोन बाळांच्या आईला हा डबा फारच सोयीचा वाटला असणार, यात नवल नाही.

पण आईचं दूध हे माठातल्या पाण्यासारखं मोजून भरलेलं नसतं. ते विहिरीसारखं असतं. उपसा वाढला की झरे मोकळे होतात. बाळ जितकं ओढतं तितका आईच्या मेंदूला निरोप जातो आणि त्या प्रमाणात दूध तयार होतं. १९८६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुळ्या आणि तिळ्या बाळांच्या आयांचं दूध मोजलं, तेव्हा बाळांच्या संख्येप्रमाणे दूधही वाढलेलं दिसलं. उलट, 'पुरत नाही' म्हणून एका बाळाला वरचं दूध सुरू केलं, की उपसा कमी होतो आणि मग खरोखरच पुरेनासं होतं. तुमच्या आजूबाजूला हे घडताना तुम्ही पाहिलंही असेल.

मधल्या काळात घड्याळानेही बराच गोंधळ घातला. न्यूझीलंडमधले डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये तिथे मातांना मार्गदर्शन करणारी संस्था सुरू केली. ते मनोरुग्णालयाचे प्रमुख होते आणि त्यांच्या विचारांत तिथल्या शेतावर वासरांना दूध पाजण्याच्या प्रयोगांचाही वाटा होता. दर चार तासांनी दूध, रात्री काही नाही, रडलं तरी उचलायचं नाही, ही त्यांची शिस्त इंग्रजी जगात दूरवर पोचली. स्वच्छतेचा त्यांचा आग्रह मोलाचा होता, पण चार तासांचा नियम चुकीचा होता. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, आणि नेमका रात्रीचाच उपसा या नियमाने बंद झाला. जुळ्यांच्या बाबतीत मात्र घड्याळाला आज वेगळ्या कारणाने जागा आहे. निम्म्याहून अधिक जुळी दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मतात. अशी लहान बाळं भूक लागली तरी रडत नाहीत, झोपूनच राहतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत दोन-अडीच तासांत बाळ उठलं नाही तर त्याला उठवून पाजायचं. 'किती गुणी आहे, झोपून असतं' या कौतुकात वजन घसरतं.

शांत बाळाच्या या कौतुकाचा इतिहास फार काळा आहे.

इंग्लंडमध्ये कापडगिरण्या सुरू झाल्या, आया कामावर गेल्या आणि घरी राहिलेल्या बाळांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं गोड पाक घातलेलं औषध मिळू लागलं. त्यात अफू होती. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं जात होतं. त्यात मॉर्फीन होतं. बाटलीवर काय आहे ते लिहिण्याची सक्ती तिथे १९०६ च्या कायद्याने झाली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं आया आपण काय पाजतो आहोत हे न कळता पाजत होत्या.

आपल्या मुंबईतही गिरण्यांबरोबर हेच आलं. इथे त्याला बाळागोळी म्हणत. अफूची ही बारीक गोळी सकाळी बाळाला दिली की आई पाळीवरून परत येईपर्यंत ते पडून राही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात असल्याचं नोंदवलं. या आकड्यावर थोडं थांबा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आया निष्काळजी असू शकत नाहीत. ओल्या बाळंतिणीला दिवसभर यंत्रापाशी उभं करणारी व्यवस्थाच ती गोळी देत होती. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, देशातला असा पहिला.

अफूने बाळ शांत होत नाही, गुंगीत जातं. श्वास मंदावतो, आतडी मंदावतात, भूक सांगणारं रडणंच बंद होतं. घरात पाळण्यात दोघं असली की गोळी देण्याचा मोह दुप्पट, आणि वजनं कमी असल्याने धोका त्याहून जास्त.

बाळागोळी आज शहरांत दिसत नाही. तिचे दूरचे नातेवाईक मात्र आहेत. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड यांनी बनवलं. शेपूचं तेल, सोडा, साखर आणि अल्कोहोल असा तो मामला होता. बाळं त्याने का पेंगत, हे वेगळं सांगायला नको. अल्कोहोल पुढे निघालं, पण बाटली कपाटात राहिली. पोटदुखी त्याने थांबते असा भक्कम पुरावा नाही. घुटीबद्दल मी लिहिलं की आज्या नाराज होतात, तरी लिहितो: जायफळाचे चार वेढे जास्त पडले की बाळ पेंगतं, ती गुंगीच. शिवाय सहाण आणि पाणी किती स्वच्छ, हा प्रश्न उरतोच. सर्दी-खोकल्याची मोठ्यांची औषधं 'दोन थेंब' देण्याचा प्रकारही मी पाहिला आहे. तो तर कधीच करू नका.

मग रडणाऱ्या दोघांना शांत कशाने करायचं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर एका गरीब रुग्णालयातून आलं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरत नव्हते. एकेकात दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने ती दगावत. डॉ. एडगर रे यांनी बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी उभं बांधायला सुरुवात केली, आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ते पुढे नेलं. ऊब, दूध आणि हृदयाचे ठोके एकाच जागी. हीच आजची कांगारू पद्धत. जुळी दोघं एकदम छातीशी मावतात, किंवा एक आईकडे आणि एक बाबांकडे. रात्री दोनला फोन करणाऱ्या वडिलांना मी हेच सांगतो: सदरा काढा, बाळाला फक्त लंगोट-टोपी ठेवून छातीवर घ्या, वरून पांघरूण घ्या आणि जागे राहा. डुलकी येऊ लागली तर बाळाला पाळण्यात पाठीवर झोपवा.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर प्रत्येक बाळाला दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, आणि जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं का, ते पाहा. दोघांची नोंद वेगळी ठेवा. उठवूनही पीत नसलेलं, तळपायापर्यंत पिवळं झालेलं, थंडगार किंवा तापलेलं, धापा टाकणारं बाळ त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आणि खरोखरच सुरुवातीला आईचं दूध कमी पडलं, तर डब्याआधी एक पर्याय विचारा. १९८९ मध्ये मुंबईतल्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांना दूध जास्त येतं त्या आया देतात, ते तपासून, पाश्चराइज करून कमी वजनाच्या बाळांना दिलं जातं. आता अशा पेढ्या इतर शहरांतही आहेत. बाळं लहान असतील तर घरी सोडण्याआधीच रुग्णालयात त्याची चौकशी करा.