दारीं आलेलें पाणी

घरदार विकून शिडाच्या नौकेवर संसार थाटणाऱ्या कुटुंबांच्या हकीकती अलीकडे सुशिक्षित घरांतून मोठ्या कौतुकानें वाचल्या जातात. कचेरी, शाळा आणि घड्याळ यांच्या जाचांतून सुटावें व मुलांबाळांसह समुद्रावर राहावयास जावें, ही कल्पना कोणास मोह घालणार नाहीं? आम्हांसहि ती प्रिय आहे. परंतु ज्यास इतिहासाची संवय जडली आहे, त्यानें या मोहापुढें एक प्रश्न ठेविलाच पाहिजे: नावेंत बसणाऱ्यास ‘मी येत नाहीं’ असें म्हणण्याची मोकळीक होती काय?

जोशुआ स्लोकम या अमेरिकन कप्तानाचें जहाज १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलें. तेव्हां त्यानें सुमारें ३५ फूट लांबीची एक नौका स्वतः बांधिली. पत्नी हेटी हिनें तिचीं शिडें शिवलीं, आणि दोन मुलांसह हें चौघांचें कुटुंब १८८८ सालीं सुखरूप अमेरिकेस पोहोंचलें. ती नौका १३ मे रोजीं पाण्यांत सोडली. त्याच दिवशीं ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. म्हणून तिचें नांव ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असें ठेविलें. पुढें १८९५ सालीं स्लोकम पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला तो एकटाच. हेटी किनाऱ्यावर राहिली. इंग्लंडांतील रॉबर्टसन कुटुंब १९७१ सालीं आपलें शेत विकून असेंच निघालें. दुसऱ्या वर्षीं प्रशांत महासागरांत शिकारी देवमाशांनीं त्यांची नौका फोडली, आणि ३८ दिवस उघड्या पाण्यावर काढून ती मंडळी वांचली. संकट भयंकर खरें. परंतु शेत विकण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि हेटीस पुढें नकार देतां आला.

आतां वाचकांनीं समुद्रावरून आमच्याबरोबर सातपुड्यांत यावें. नंदुरबार जिल्ह्यास समुद्र नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या दक्षिण भागांत तापी वाहते, आणि उत्तर सीमेवर डोंगरांच्या घळींतून नर्मदा. तिच्या कांठीं अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण अशीं भिल्ल-पावरा लोकांचीं गांवें. गांव म्हणजे दाट वस्ती नव्हे. टेकडीटेकडीवर विखुरलेले पाडे, घराशेजारीं शेत, वर जंगल व खालीं नदी. नदी ओलांडावी, तिच्यांतून मासे आणावे व सायंकाळीं आपल्या चुलीपाशीं परतावें, हा त्यांचा दिनक्रम.

१९६१ सालीं पंडित नेहरूंनीं नवागामजवळ धरणाची कोनशिला बसविली. १९६९ सालीं नेमलेल्या जलविवाद लवादानें १९७९ च्या डिसेंबरांत निवाडा दिला: धरणाची उंची ४५५ फूट, आणि विजेंत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा २७. महाराष्ट्रांतील ३३ गांवें बुडीत क्षेत्रांत आलीं. खातेदाराच्या जमिनीबद्दल जमीन द्यावी, हेंहि त्या निवाड्यांत होतें. महाराष्ट्रांत पाणी प्रथम मणिबेलीस लागलें. शूलपाणेश्वराचें प्राचीन देऊळहि बुडालें. जून २०१७ मध्यें धरणाचे दरवाजे बंद करण्यांत आले, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस भरला. या पाण्यानें कच्छ-सौराष्ट्रांतील तहान भागविली, हें नाकारणें अन्यायाचें होईल. कित्येक कुटुंबें तळोदा तालुक्यांतील सोमावल, रोझवा अशा नव्या वसाहतींत गेलीं. कित्येक मात्र डोंगर चढून वर सरकलीं व तेथेंच राहिलीं.

या मागें राहिलेल्यांची कथा आमच्या विषयाशीं येऊन भिडते. तीं नावेवर राहावयास गेलीं नाहींत. पण नावेवांचून त्यांचें पान हालेना. ज्या पायवाटेनें एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यास जावयाचें, तिच्यावर आतां खोल पाणी. बाजार, शाळा, बाळंतीण, सर्पदंश, सारें होडीच्या आधारें. औषधोपचारासहि तरंगता दवाखाना पाण्यावरूनच येऊं लागला. जानेवारी २०१९ मध्यें भूषा गांवाजवळ संक्रांतीस निघालेल्या लोकांची होडी उलटली व कांहीं जणांस जलसमाधि मिळाली. स्लोकमनें आयुष्य समुद्रावर काढलें होतें. या लोकांच्या पिढ्या डोंगरउतारावर नांगर धरण्यांत गेल्या होत्या. समुद्राकडे जाणारा मनुष्य तयारीनें जातो. पाणी दारीं येतें, तेव्हां तयारीस अवधि मिळतोच असें नाहीं.

शहरांतील आपण दिनक्रमास कंटाळतों, कारण तो उद्यांहि असणार अशी आपणांस खात्री असते. ज्याचा दिनक्रम एका पावसाळ्यांत पाण्याखालीं गेला, त्यास विचारावें म्हणजे त्याची किंमत समजते. म्हणून नौकेवरील संसाराच्या हकीकती वाचतांना आम्हांस आतां शिडापेक्षां किनारा अधिक आठवतो. स्वातंत्र्य नौकेंत नसतें. तें तींत चढण्याच्या किंवा न चढण्याच्या मोकळिकींत असतें.

एक चित्र मात्र मनांतून जात नाहीं. २०२० सालीं साथीच्या भीतीनें पाड्यांवरील बाया-मुलें होडीनें चिमलखेडीच्या अंगणवाडींत येईनाशीं झालीं. तेव्हां तेथील तरुण सेविकेनें एका मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली, आणि सुमारें १८ किलोमीटर पाणी स्वतः वल्हवीत ती गरोदर स्त्रियांस व तान्ह्या मुलांस आहार पोहोंचवूं लागली. तिच्या घरींहि दोन लहान मुलें होतीं. दिनक्रम सोडण्यासाठीं नावेंत बसलेल्यांच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या. ही बाई दिनक्रम तुटूं नये म्हणून नावेंत बसली होती, आणि काम आटोपून तिला घरीं परतावयाचें होतें.