बाजरीची भाकरी आणि केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की शारदा सदन आठवतं, कोलकात्यात मिळालेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं आठवतात, आणि पाठोपाठ एक वाक्य येतंच : ‘पण त्या ख्रिस्ती झाल्या.’ बी.ए.ला मराठी घेतलं होतं तेव्हा आम्हालाही त्या एवढ्याच भेटल्या, दोन-चार ओळींत. त्या ‘पण’च्या मागे काय होतं ते आज पाहू.

मागे दुष्काळ होता. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि शास्त्री मंडळींचा रोष ओढवून घेतला. गंगामूळच्या रानात मांडलेला संसार कर्जापायी मोडला आणि कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तेही देणारं कुणी उरलं नाही. उपास झाले, अनुष्ठानं झाली, होतं ते दानधर्मात गेलं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आई अंथरुणावर असताना रमाबाई तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला एका घरी गेल्या, आणि तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली. आईला ती खाववली नाही.

पुढे श्रीनिवास हा भाऊ आणि रमाबाई पायी हिंडत उत्तरेला गेले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर पांघरूण नाही. तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. आमच्यात मय्यतीला प्रत्येकजण तीन मुठी माती टाकतो. इथे ऊब मिळावी म्हणून जिवंत माणसं स्वतःवर माती ओढत होती.

१८७८ मध्ये दोघं कोलकात्याला पोचले. तिथला मानसन्मान सर्वांना ठाऊक आहे. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये तेही कॉलऱ्याने गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथल्या लोकांना वाटलं, एकट्या बाईला गाठून बाटवली. रमाबाईंनी स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे. लंडनमध्ये फुलमला एक आश्रम होता. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे सिस्टर लोक सेवा करत. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. येशू तिच्याजवळ पाणी मागतो, तिच्याशी बोलतो, तिला हिडीसफिडीस करत नाही. ज्या मुलीला भाकरी मागताना शब्द फुटला नव्हता, तिला मागणारा देव भेटला, असं मला ते वाचताना वाटतं. हा अर्थ माझा, त्यांचा नव्हे.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी मान मात्र तुकवली नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपात आला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक कसे, यावर त्या हुज्जत घालतात. माझ्या विवेकाला पटेल तेवढंच मानीन, असा त्यांचा पवित्रा. मी एकेश्वरवादात वाढलेला, हजरत ईसांना पैगंबर मानणारा माणूस. त्यांच्या शंका वाचताना मला गंमत वाटली, हे कशाला लपवू? त्या पुढे आपल्या वाटेने गेल्या.

ती वाट पाहण्यासारखी आहे. त्यांनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला १८९१ च्या सुमारास. म्हणजे पुण्यात, डोक्यावर छप्पर आणि हाताशी चालती संस्था असताना. दुःखात देव जवळ येतो असं सरसकट सांगणाऱ्यांचं मला भय वाटतं. त्या दुष्काळात लाखो माणसं नुसतीच मेली. रमाबाईंनाही वाळूच्या खड्ड्यात साक्षात्कार वगैरे झाला नाही. जवळीक मिळायला वर्षं लागली.

१८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पालकांनी मुली एका भरवशावर पाठवल्या होत्या. पण सगळा हिशेब तिथेच थांबवला तर १८९६ सुटतं. त्या साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आणि रमाबाई तिकडे गेल्या. तीनेकशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग आला, तेव्हा केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १८९९ पासून कृपा सदन होतं, फुलममध्ये पाहिल्या होत्या तशाच बायकांसाठी.

‘तांदळासाठी ख्रिस्ती झाले’ हे वाक्य मी आमच्या वागळे इस्टेटमध्येही ऐकलंय. नव्वदच्या दशकात इथले भोंगे एकेक करून गप्प झाले. किसननगरच्या आमच्या चाळीत नगरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडली, हिशेब मिळायला वर्षं गेली. मावशी चार घरची धुणीभांडी करत आणि बुधवारी संध्याकाळी दहा बाय दहाच्या खोलीत बायका जमवून प्रार्थना घेत. लोक म्हणायचे, मिशनकडून काहीतरी मिळत असणार. किराणावाल्याकडे त्यांची उधारी किती होती ते सगळ्या चाळीला माहीत होतं. मी एकदा विचारलं, ‘‘मावशी, एवढं काय मागता हो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मागत नाय रे बाबा. त्याच्यापाशी जरा बसते. तुझा बाप नाय का बसत, पाच वेळा?’’ अब्बा दारातच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर दर बुधवारी संध्याकाळी आमचा रेडिओ बारीक होऊ लागला.

आपल्या आश्रमातल्या अशाच बायकांना वाचता यावं म्हणून रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं एका कामाला दिली. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा साध्या बाईला जड जाई. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून नवं भाषांतर करायला घेतलं, आणि तेही संस्कृतचा भार कमी करत. मराठीत लिहिणारा माणूस म्हणून मला हे फार मोठं वाटतं. आपल्याजवळ सर्वांत जास्त असलेलं धन त्यांनी बाजूला ठेवलं. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायच्या त्या दुष्काळातून आलेल्या बायका.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या वयात एकुलती एक लेक. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल केडगावला छापून झालं.