दाराआडचा कुत्रा

नव्याने दत्तक घेतलेला कुत्रा घरात एकटा राहिला की कधी दार ओरबाडतो, कधी तासन्‌तास केकाटतो, सवय लागलेली असूनही घरातच घाण करतो. पशुवैद्यक याला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात आणि त्यावर पद्धतशीर उपचार करतात. हे उपचार जेमतेम पन्नास वर्षांचे आहेत. त्याआधी असे वागणे म्हणजे खोडी समजली जाई आणि खोडीवर इलाज एकच, मार.

बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देण्याची प्रथा त्याहून बरीच जुनी. लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये कुत्र्यांसाठी आश्रयस्थान काढले. तेच पुढे बॅटरसीला हलले. कुत्र्याला शिकवण्याचे शास्त्र मात्र पोलीस आणि सैन्याच्या वळणावर वाढले. जर्मनीच्या कोनराड मोस्ट यांचे १९१० चे पुस्तक या परंपरेतले. हुकूम, पट्ट्याला हिसका, चुकल्यास शिक्षा. घरी कोणी नसताना घाबरणाऱ्या कुत्र्याला या कवायतीचा काडीचा उपयोग नव्हता. शिवाय हा प्रश्न मुख्यतः बंद घरांचा. ओटी-अंगणात मोकळ्या वावरणाऱ्या दारच्या कुत्र्याला दिवसभर कडीकुलपात राहावे लागत नसे.

ही खोडी नसून भीती आहे, हे प्रयोगशाळेत दिसू लागले. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. तिथे पिल्लाला एकटे ठेवून त्याचे केकाटणे अक्षरशः मोजले गेले. ओळखीच्या खोपीत एकटे पडलेले पिल्लू ओरडे, पण अनोळखी जागी त्याचा आकांत कितीतरी वाढे. दत्तक कुत्र्याच्या वाट्याला हे दोन्ही एकदम येते: जागाही नवी आणि सोबतही गेलेली.

उपचाराची वाट माणसांच्या मानसोपचारातून आली. दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे यांनी विजेच्या झटक्यांनी धास्तावलेली मांजरे हाताळली. पिंजऱ्यात ती भुकेली असूनही खाईनात. वोल्पे यांनी त्यांना आधी वेगळ्या खोलीत, मग पिंजऱ्याच्या खोलीशी थोडे साम्य असलेल्या खोलीत, असे पायरीपायरीने जवळ आणत खाऊ घातले. या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक १९५८ चे. १९७४ मध्ये ट्यूबर, हॉदरसॉल आणि व्हिक्टोरिया वॉइथ यांनी अशाच पद्धती कुत्र्यांच्या भीतीवर वापरल्याचे मांडले.

कुत्र्याच्या बाबतीत ‘पायरी’ म्हणजे मालकाचे जाणे. किल्ल्या वाजवायच्या, चपला घालायच्या, पण घराबाहेर पडायचे नाही. कुत्रा त्याकडे दुर्लक्ष करू लागला की दाराबाहेर काही सेकंद, मग मिनिट, मग थोडे अधिक. तो अस्वस्थ व्हायच्या आत परतायचे, आणि झालाच तर पुढच्या वेळी मागची पायरी गाठायची. काम कंटाळवाणे आहे. घाई केली की आधीचे सगळे पाण्यात जाते.

१९९८ मध्ये बुडापेस्टच्या योझेफ तोपाल यांच्या गटाने तान्ह्या मुलांची आईविषयीची ओढ तपासण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी रचलेली चाचणी ५१ कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर घेतली. मालकाशी कुत्र्याचे नाते मुलाच्या आईशी असलेल्या नात्यासारखे वागण्यात दिसते, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच शहरातल्या २००१ च्या अभ्यासात आश्रयस्थानातल्या प्रौढ कुत्र्यांना दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी पुरल्या; तेवढ्यात त्यांनी त्या अनोळखी माणसाशी जवळीक जोडली. नवा कुत्रा दोन दिवसांत मालकाच्या मागेमागे का फिरतो, याचे उत्तर इथे मिळते.

घरी परतून फाटलेल्या उशीसमोर ओरडणारा मालक सांगतो, ‘बघा, याला स्वतःची चूक कळते.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात हा समज टिकला नाही. कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्याबरोबर येत होता. कुत्र्याने काही केले होते की नव्हते, याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

उपचारांत औषधे सगळ्यात शेवटी आली. अमेरिकेत या त्रासासाठी कुत्र्यांना क्लोमिप्रामीन १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीन २००७ मध्ये मंजूर झाले. दोन्हींच्या वापराच्या सूचनांत गोळीबरोबर वर्तनाचे प्रशिक्षण द्यायलाच सांगितले आहे.